रेबेकाची सवत

१९३९ सालच्या जून महिन्यात हॉलिवुडमधल्या एका निर्मात्याने आपल्या नव्या दिग्दर्शकाला एक लांबलचक खरमरीत पत्र धाडले. निर्माता डेव्हिड सेल्झनिक आणि दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. हिचकॉक इंग्लंडातले आपले जमलेले बस्तान मोडून त्याच वर्षीच्या मार्चात अमेरिकेत आला होता, आणि डॅफ्नी ड्यू मॉरिए या लेखिकेच्या 'रेबेका' कादंबरीवरून चित्रपट करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. त्याने आपल्या रिवाजाप्रमाणे कथेचा पहिला आराखडा करून दिला. कादंबरीत नसलेला बोटीवरचा एक प्रसंग त्याने आरंभीच घातला. नायक सिगार ओढतो आहे आणि त्या धुराने भोवतालचे उतारू बोट लागून ओकताहेत, असा तो विनोद! सेल्झनिकचे माथे भडकले. आपण 'रेबेका' विकत घेतली ती 'रेबेका'च पडद्यावर आणण्यासाठी, असे त्याने हिचकॉकला बजावले. नायिकेचे बुजणे, अडखळणे, तिच्या लहानसहान फजित्या, या ज्या बारीक गोष्टींवर बायकावाचकांनी जीव टाकला होता त्यांतली एकही गाळू नये, असा त्याचा आग्रह होता.

कादंबऱ्या लिहिणाऱ्या कोणालाही हे वाचून गुदगुल्या व्हाव्यात. चित्रपटवाल्यांपुढे लेखकाची अवस्था एरवी वधूपित्याची असते. मुलगी दिली, आता ते तिचे नाव बदलोत, नाहीतर तिला उपाशी ठेवोत. मांडवाबाहेर उभे राहून पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही. इथे तर खुद्द सासराच सुनेच्या माहेरची बाजू घेऊन भांडायला उभा राहिलेला! आणि तरीही, नायिकेच्या हातून फुटणाऱ्या चिनी मातीच्या पुतळ्यासाठी हट्ट धरणाऱ्या या माणसाला कादंबरीचे काळीज मात्र राखता आले नाही. ते कसे गेले, आणि गेले तरी चित्रपट का टिकला, हे पाहण्यासारखे आहे. हा सारा मामला एका बंदुकीच्या गोळीचा आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. 'रेबेका' मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, आणि पहिल्या शंभर पानांतच शब्दकोश बाजूला पडला. आपल्या बायकांना ही गोष्ट समजावून सांगावीच लागत नाही. मोंटे कार्लोच्या हॉटेलात एका श्रीमंत वाचाळ बाईच्या हाताखाली पगारी सोबतीण म्हणून राहिलेली एक पोरकी मुलगी. तिला मागणी घालतो मॅक्झिम द विंटर नावाचा बेचाळीस वर्षांचा बिजवर. त्याचे समुद्राकाठी मॅण्डर्ली नावाचे मोठे पुरातन घर आहे. पहिली बायको रेबेका वर्षापूर्वी होडी बुडून वारली. नवी नवरी घरात येते, तो तिथे प्रत्येक रुमालावर, प्रत्येक वहीवर, उशीच्या अभ्ऱ्यावर पहिलीचे नाव कोरलेले. पहिली देखणी होती, हुषार होती, माणसे जोडणारी होती, असे जो तो सांगतो. आणि रेबेकाची एकनिष्ठ कारभारीण मिसेस डॅन्व्हर्स ही तर नवीला घरातली मालकीण मानायलाच तयार नाही.

आपल्याकडे बिजवराच्या घरी गेलेल्या मुलीच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक घालण्याची चाल पुष्कळ घरांत होती. चांदीचा किंवा सोन्याचा इवलासा पत्रा, त्यावर ठोकलेली बाईची आकृती. जिवंत सवतीशी भांडता येते. मेलेली सवत म्हातारी होत नाही, तिच्या हातून आमटी खारट होत नाही. ड्यू मॉरिएबाईंना ही चाल ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांनी तीनशेहून अधिक पानांत जे लिहिले ते त्या टाकाचे ओझे.

त्यांना ते सुचले कसे, याची हकीकत मोठी बोलकी आहे. ड्यू मॉरिए घराणे कलावंतांचे. आजोबा जॉर्ज हे 'पंच' साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार आणि 'ट्रिल्बी' या गाजलेल्या कादंबरीचे कर्ते. वडील जेरल्ड नावाजलेले नट. डॅफ्नीचा जन्म १९०७ चा. १९३२ साली तिने फ्रेडरिक ब्राउनिंग या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले. या ब्राउनिंगचे आधी एका देखण्या, काळ्याभोर केसांच्या मुलीशी लग्न ठरून मोडले होते. तिची काही जुनी पत्रे डॅफ्नीच्या हाती लागली. त्यांवरच्या सहीतला 'आर' हा अक्षराचा फराटा मोठा ऐटदार होता. आपण लाजाळू, पाहुण्यांच्या गर्दीला भिणाऱ्या, घरकामात अडाणी, आणि ती? एवढ्या एका सहीतून रेबेका जन्मली. १९३७ मध्ये नवऱ्याची पलटण इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होती. तिथल्या उकाड्यात, अधिकाऱ्यांच्या बायकांच्या मेजवान्यांना कंटाळलेल्या डॅफ्नीला कॉर्नवॉलचा पाऊस आठवू लागला. फोवी गावाजवळच्या झाडीत दडलेले मेनाबिली नावाचे एक बंद घर तिने तरुणपणी पाहिले होते. घर रॅशली घराण्याचे. तिचा त्यावर काडीचा हक्क नव्हता. त्या घराची तिला अशी ओढ लागली की तिने ते कागदावर बांधून काढले. तेच मॅण्डर्ली. कादंबरी गोलांझ या प्रकाशकाने ऑगस्ट १९३८ मध्ये बाहेर काढली आणि ती हातोहात खपली.

इंग्रजी टीकाकार ज्याला गॉथिक म्हणतात, त्या अद्भुतरम्य कादंबरीचे खानदान जुने आहे. होरेस वॉलपोलचा ओट्रांटोचा किल्ला १७६४ चा. मग ॲन रॅडक्लिफबाईंच्या कादंबऱ्यांतले भुयारी मार्ग आणि बंदिवान कन्या. आपल्याकडे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या १८६१ च्या 'मुक्तामाले'नेही वाचकाला अशाच अंधाऱ्या वाटांनी फिरवले. पण 'रेबेका'चे जवळचे नाते शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'शी. १८४७ च्या त्या कादंबरीत पहिली बायको वेडी होऊन माळ्यावर कोंडलेली असते आणि अखेर घराला आग लावते. ड्यू मॉरिएबाईंनी पहिलीला मारून टाकले, आणि कोंडले ते दुसरीला. कुलूप नाही, पहारा नाही, नुसता शिष्टाचार. दुपारचा चहा किती वाजता, पत्रे कोणत्या खोलीत लिहायची, कुठली चटणी हवी हे स्वयंपाकघरात कधी कळवायचे, या प्रश्नांनीच मुलगी गुदमरते. भुयारापेक्षा हे भयंकर आहे. भुयारातून निदान पळून जाता येते.

आणखी एक गोष्ट. या दुसरीला अख्ख्या कादंबरीत नाव नाही. ती 'मी' म्हणते आणि लोक तिला 'मिसेस द विंटर' म्हणतात, म्हणजे तेही नाव सवतीचेच. मी शाळेत व्याकरण शिकवते, म्हणून हा मुद्दा मला फार रिझवतो. इंग्रजीतला 'मी' पुरुष की बाई हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीतला 'मी' पहिल्याच 'गेले'ला सापडतो. तेव्हा मराठीत ती बाई आहे हे लगेच फुटेल, पण तिचे नाव लपवायला मात्र आपल्याला मुळीच अडचण पडू नये. सासरी नाव बदलून घेण्याचा सराव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आता गोळीकडे वळू. मॅण्डर्लीला पोषाखी नाच होतो. डॅन्व्हर्सच्या कपटी सल्ल्याने नवी बायको नेमका रेबेकाचाच जुना वेष करून जिन्यावरून उतरते. त्याच रात्री किनाऱ्यावर एक जहाज खडकात रुतते. पाणबुड्या खाली उतरतो आणि त्याला रेबेकाची होडी सापडते. होडीत प्रेत. मग मॅक्झिम बायकोला खरे सांगतो. रेबेकावर त्याचे कधीच प्रेम नव्हते. ती व्यभिचारी होती, त्यांचा संसार हा लोकांना दाखवायचा देखावा होता. एका रात्री समुद्रकाठच्या झोपडीत तिने आपल्याला दुसऱ्याचे मूल होणार आहे आणि ते मॅण्डर्लीचा वारस म्हणून वाढेल, असे हसतहसत सांगितले. आणि त्याने तिला गोळी घातली. प्रेत होडीत टाकून होडी बुडवली.

आणि हे ऐकून ती मुलगी काय करते? तिला भीती वाटत नाही. किळस येत नाही. तिच्या मनात एकच गोष्ट उमटते : याचे रेबेकावर प्रेम नव्हते! सगळी कादंबरी या एका क्षणासाठी लिहिली आहे. आतापर्यंत चिमणीसारखी थरथरणारी पोर नवरा खुनी आहे हे कळल्यावर ताठ उभी राहते. त्याच्यासाठी खोटे बोलायला, लपवायला, पंचनाम्यात त्याला सावरून धरायला ती सिद्ध होते. सवतीच्या भुतापासून ती सुटते ती सवतीच्या खुनाच्या बातमीने. हे वाचताना आपणही तिच्या बाजूचे झालेलो असतो, खुनी सुटावा म्हणून श्वास रोखून बसलेले असतो. पुस्तक मिटल्यावर आपल्याच मनाचा थोडा धाक वाटतो. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते. वाचकाला इतके हळूच, त्याच्या नकळत, गुन्ह्यात भागीदार करून घेणे किती कठीण असते ते मला माहीत आहे.

हॉलिवुडात हे चालणार नव्हते. तिथल्या निर्मात्यांच्या संघाने १९३० साली एक नीतिसंहिता मान्य केली होती, आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन या गृहस्थाच्या कचेरीमार्फत ती कडकपणे पाळली जात होती. हे सरकारी सेन्सॉर नव्हे, धंद्याने स्वतःवर लादून घेतलेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला होता. तो फिरला १९५२ मध्ये. तेव्हा गावोगावच्या सेन्सॉरांपेक्षा आपल्याच घरचा एक बरा, असा हिशेब. ब्रीनच्या शिक्क्यावाचून चित्रपट लावला तर पंचवीस हजार डॉलर दंड, आणि मोठ्या कंपन्यांची चित्रपटगृहे बंद. या संहितेपुढे 'रेबेका'चे दुखणे उघड होते. नवऱ्याने बायकोचा खून केला आहे, तो सुटतो आणि वर सुखाने नांदतो! ब्रीनच्या कचेरीने तीन गोष्टींवर बोट ठेवले. खुनाला शिक्षा नाही. रेबेकाच्या तोंडी अनौरस मुलाची भाषा आहे. आणि डॅन्व्हर्सच्या रेबेकावरील भक्तीत काही अनैसर्गिक सूचित होते.

सेल्झनिक पुष्कळ तणतणला. एका माणसाने बायकोचा खून केला ही ज्या गोष्टीची कुळकथा, ती आता एका माणसाने अपघाताने मेलेली बायको पुरली अशी होऊन बसणार, ही त्याची तक्रार होती, आणि ती शंभर नंबरी खरी होती. पण कादंबरीच्या हक्कांसाठी त्याने पन्नास हजार डॉलर मोजले होते. 'गॉन विथ द विंड'चा अवाढव्य पसारा त्याच वेळी त्याच्या डोक्यावर होता. शेवटी त्याने मान तुकवली. चित्रपटातली रेबेका मॅक्झिमला डिवचते, तो तिच्यावर हात उगारतो, ती ठेच लागून पडते, आणि तिथे पडलेल्या जहाजाच्या लोखंडी सामानावर डोके आपटून मरते. गोळी गेली, आणि तिच्या जागी ठेच आली.

या बदलाने नायक वाचला असे सगळे म्हणतात. माझे म्हणणे असे की नायिका मेली. मॅक्झिमचे फारसे बिघडले नाही. तो होता तसाच रागीट, घुमा, मोठ्या घरचा माणूस राहिला. पण ती? अपघाताचे सत्य लपवणारी बायको आणि खून पोटात घालणारी बायको या दोघी एक नव्हेत. पहिली नवऱ्याचा बचाव करते. दुसरी आपला एक भाग कायमचा गहाण टाकते. चित्रपटात ती मोठी होते, तिचा पोरकट चेहरा गेला म्हणून मॅक्झिम हळहळतो, ते वाक्यसुद्धा राखले आहे; पण ते जाण्याचे पुरेसे कारण मात्र काढून घेतले आहे. शिवाय सरळ शंका येते की अपघातच झाला होता तर हा भला माणूस प्रेत होडीत टाकून का बुडवतो? चित्रपट म्हणतो, कोणी विश्वास ठेवला नसता. एवढ्यावर भागवावे लागते.

आणि गंमत अशी की लेखिकेने शिक्षा ठेवली होती. कादंबरी सुरू होते ती सगळे घडून गेल्यावर. नवरा-बायको परदेशात एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात भटकताहेत. घर नाही, मूल नाही, मायदेश नाही. ती त्याला इंग्लंडची शिळी वर्तमानपत्रे वाचून दाखवते, क्रिकेटचे आकडे सांगते. गतकाळाची आठवण निघेल असा मजकूर गाळून पुढे जाते. ज्या घरासाठी मॅक्झिमने गोळी झाडली ते जळाले, आणि उरले दोघांचे एकमेकांना सांभाळत बसणे. याहून लांबलचक कारावास कोणता? पण त्यात पोलीस नाही, बेडी नाही, न्यायाधीश नाही, म्हणून ब्रीनसाहेबांच्या वहीत ती शिक्षा धरली गेली नाही. चित्रपटाने आरंभीचे स्वप्न ठेवले, मॅण्डर्लीकडे जाणारी धुक्यातली वाट ठेवली, आणि हॉटेलातले दिवस सोडून दिले. त्यामुळे पडद्यावर शेवट झाला तो जवळजवळ सुखाचा.

इथपर्यंत कादंबरीकाराचे रडगाणे झाले. आता हिचकॉकचे देणे द्यायला हवे, कारण नुसते पत्रातल्या हुकमांनी हा चित्रपट झाला नाही. चित्रण सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले, तो युरोपात महायुद्ध पेटलेले. नटसंचातले बरेचसे इंग्रज. कॅमेऱ्यापुढे मॅण्डर्लीच्या चहाची भांडी आणि मनात घरच्या काळज्या. कर्नल ज्युलियन झालेले सी. ऑब्रे स्मिथ तर एके काळचे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार! मॅक्झिमच्या भूमिकेतला लॉरेन्स ऑलिव्हिए स्वतः त्या वेळी पहिल्या पत्नीशी फारकत आणि व्हिव्हियन ली हिच्याशी लग्न या खटाटोपात होता. ही भूमिका व्हिव्हियनला मिळावी अशी त्याची इच्छा. ती मिळाली जोन फोंटेन या एकवीस वर्षांच्या नटीला, आणि ऑलिव्हिए तिच्याशी फटकून वागू लागला. हिचकॉकने तिचे सांत्वन करण्याऐवजी तू इथे कोणालाच नको आहेस हे तिच्या मनावर आणखी बिंबवले. मुलांना भेदरवून पाढे म्हणवून घेणारे मास्तर मी पाहिले आहेत. पाढे येतात खरे. पण मला ही रीत आवडत नाही. फोंटेनचे पडलेले खांदे आणि नखे कुरतडणारी बोटे पाहताना त्यांतले किती अभिनयाचे आणि किती त्या वागणुकीचे, हा विचार सुटत नाही.

सेल्झनिक स्वतः दुसऱ्या चित्रपटात गुंतलेला, म्हणून हिचकॉकला चित्रणाच्या जागी मोकळीक मिळाली. आणि तिथे त्याने एक करामत केली. कबुलीच्या प्रसंगात दुसरा कोणीही दिग्दर्शक मागची रात्र उभी करता, एखाद्या सुंदर नटीला रेबेका करून झोपडीत बसवता. हिचकॉकने तसे केले नाही. मॅक्झिम बोलतो आणि कॅमेरा रिकाम्या खोलीत फिरतो. रेबेका कोचावर पडली होती, म्हटल्यावर रिकामा कोच दिसतो. ती उठली, म्हटल्यावर कॅमेरा हळूच वर उचलला जातो. ती माझ्याकडे चालत आली, म्हटल्यावर कॅमेरा तेवढ्याच चालीने सरकत येतो. कोणीही नाही आणि कोणीतरी चालते आहे. सबंध चित्रपटात रेबेकाचा चेहरा एकदाही दिसत नाही, एक फोटोसुद्धा नाही. कादंबरीत ती शब्दांनी अदृश्य होती. इथे डोळ्यांदेखत अदृश्य आहे, आणि मला विचाराल तर हे अधिक अवघड. ऑलिव्हिएच्या तोंडी अपघाताचे शब्द आहेत. पण कॅमेरा ज्या जिवंतपणे तिच्या मागोमाग फिरतो त्यावरून त्या खोलीत ठेचेपेक्षा काही अधिक घडले असावे असे वाटल्यावाचून राहत नाही.

मिसेस डॅन्व्हर्सचीही तीच कथा. ज्यूडिथ अँडरसन या मूळच्या ऑस्ट्रेलियन नाट्यनटीने ती उभी केली. हिचकॉकने तिला चालताना जवळजवळ दाखवलेलेच नाही. नायिका वळून पाहते, तो ही उभी. रेबेकाच्या खोलीतला प्रसंग पाहा. समुद्राकडे उघडणारी ती प्रचंड खोली, हलणारे पडदे. डॅन्व्हर्स कपाट उघडते, केसाळ कातड्याचा कोट काढते आणि त्याची बाही नायिकेच्या गालावरून फिरवते. मग रात्री घालायचा झिरझिरीत झगा काढून त्यात आपला हात घालून दाखवते, किती तलम आहे पाहा म्हणून. ब्रीनच्या कचेरीने या नात्याबद्दल आगाऊ ताकीद दिली होती. पटकथेत एक वावगा शब्द नाही. पण त्या हाताला कात्री कशी लावणार? सेन्सॉर कागद वाचतो. गालावरून फिरणाऱ्या बाहीत जी माया, जो शोक आणि जी आसक्ती आहे ती कागदावर नव्हतीच.

शिवाय चित्रपटकर्त्यांनी इथे एक बदल केला आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कादंबरीत डॅन्व्हर्स ही रेबेकाला तिच्या लहानपणापासून ओळखते. तिचा लळा हा एका परीने दाईचा लळा. चित्रपटात ती सांगते की पहिली मिसेस द विंटर नवरी होऊन आली तेव्हा आपण इथे आलो. म्हणजे वात्सल्याची सबब गेली, आणि भक्ती तेवढी उरली. संहितेला जे नको होते तेच या बदलाने उघडे पडले.

हीच कथा १९६४ साली हिंदीत 'कोहरा' म्हणून आली. निर्माते गायक-संगीतकार हेमंत कुमार, दिग्दर्शक बीरेन नाग. वहिदा रहमान नव्या नवरीच्या भूमिकेत आणि विश्वजीत नवरा. कारभारणीचे काम केले आपल्या येवल्याच्या ललिता पवारांनी. आणि तिचे नावच मुळी दाई माँ! हॉलिवुडने काढून घेतलेले दाईपण आपल्या लोकांनी न सांगता परत दिले. आपल्या प्रेक्षकाला घरातल्या म्हाताऱ्या बाईची एवढी निष्ठा दुसऱ्या कुठल्या नात्याने पटलीही नसती. ललिताबाईंचा डावा डोळा १९४२ साली एका चित्रणाच्या वेळी बसलेल्या थपडेने अधू झाला होता. त्या अधू डोळ्याने त्यांनी पडद्यावरच्या कितीतरी सुनांना छळले. पण 'कोहरा'तले त्यांचे पाहणे निराळे आहे. ते सासूचे पाहणे नव्हे. जिचे माणूस गेले आणि जिच्या शोकाची घरात कोणी दखल घेतली नाही अशा बाईचे ते पाहणे आहे.

मूळ चित्रपट २८ मार्च १९४० रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. अकरा नामांकने मिळाली आणि दोन ऑस्कर पदरी पडले. एक जॉर्ज बार्न्सच्या छायालेखनाचे, दुसरे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे. ते दुसरे निर्मात्याच्या हाती जाते. दिग्दर्शनाचे जॉन फोर्डने नेले. हिचकॉकच्या उभ्या हयातीत त्याच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट म्हणून मिळालेले हे एकच ऑस्कर, आणि तेही सेल्झनिकच्या दिवाणखान्यात! शेवटच्या आगीत धुराने आभाळात मोठा 'आर' काढावा अशी सेल्झनिकची कल्पना होती, असे सांगतात. हिचकॉकने त्याऐवजी उशीच्या अभ्ऱ्यावर विणलेला 'आर' जळताना दाखवला. एका मुलीला मत्सर वाटायला लावणारा सहीतला फराटा शेवटी ज्वाळांत जातो, हे लेखिकेला कसे वाटले असेल?

पुढे हे कथानक आपल्याकडून उचलले म्हणून ड्यू मॉरिएबाईंवर अमेरिकेत फिर्याद झाली, आणि त्यासाठी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्यांना साक्ष द्यावी लागली. आपल्या मनातला मत्सर, नवऱ्याची जुनी प्रीती, हे सारे कोर्टात उकलून दाखवायचे म्हणजे काय शिक्षा! फिर्याद फेटाळली गेली. नीतिसंहिताही १९६८ मध्ये मोडीत निघाली. २०२० साली 'रेबेका'वर पुन्हा एक इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात गोळी परत आली. आता कोणी हरकत घेणारे नव्हते. चित्रपट रंगीत होता, देखणा होता, आणि रिकाम्या खोलीतल्या त्या कॅमेऱ्याची सर त्याला आली नाही.

ड्यू मॉरिएबाईंना मेनाबिली मिळाले, पण भाड्याने. कादंबरीच्या यशानंतर १९४३ साली त्यांनी ते मोडकळलेले घर रॅशलींकडून घेतले, छपरे दुरुस्त केली, उंदीर-घुशी हुसकल्या आणि सव्वीस वर्षे तिथे काढली. घर त्यांचे झाले नाही. ब्राउनिंग १९६५ मध्ये वारले. १९६९ मध्ये घर मूळ मालकांना हवे झाले, आणि बाई जवळच्याच किलमार्थ या घरी राहायला गेल्या. तेही रॅशलींच्याच मालकीचे होते. इस्टेटीतल्या विधवांसाठी पूर्वीपासून राखून ठेवलेले ते घर. तिथेच १९८९ च्या एप्रिलमध्ये त्यांचा अंत झाला.